वरच्या मजल्यावरची खोली, चार स्पीकर आणि शनिवारची बियर

प्रश्न थोडक्यात असा आहे. भुसावळला दुमजली घर, वरच्या मजल्यावर १२ बाय १४ फुटांची खोली, उंची १० फूट, वर थेट स्लॅब, खाली फरशी, भिंती मोकळ्या. ५० वॉटचा जुना जपानी स्टिरिओ ॲम्प (ॲम्प्लिफायर), त्याला बुकशेल्फ स्पीकरच्या दोन जोड्या (एक ८ ओहमची, एक ६ ओहमची; ओहम म्हणजे विजेला होणारा रोध), एक टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर), आणि टीव्हीचा सेट-टॉप बॉक्सही त्याच ॲम्पला. हिवाळ्यात काही तक्रार नाही. एप्रिल लागला की अर्ध्या तासात ॲम्प बंद पडतो, गार झाला की आपोआप सुरू होतो. डग्गा घुमतो, गाण्याचे शब्द नीट लागत नाहीत. शनिवारी तीन-चार मित्र ऐकायला बसतात. त्यांच्यासाठी बियर कोणती आणावी, आणि पिऊन ऐकल्याने ऐकण्यात फरक पडतो का, हेही विचारलं आहे. खरा प्रश्न एकच: ॲम्प बदलावा का?

बदलू नका. नवा ॲम्पही याच खोलीत, याच चार स्पीकरांवर, याच मे महिन्यात बंद पडेल. खान्देशात हाय-फायचे निम्मे आजार तापमानाचे असतात, उरलेल्यांपैकी बहुतेक मोकळ्या खोलीचे आणि लाईटचे. बियरचंही तेच. ब्रँडवर वाद घालणारे खूप भेटतात, पण बाटली तुमच्या हातात येईपर्यंत कुठल्या गरमीत पडून होती हे विचारणारा क्वचित.

आधी ॲम्प. हिवाळ्यात चालतो आणि एप्रिलमध्ये पडतो, यातच निदान आहे. क्लास एबी ॲम्प (घरगुती ॲम्पचा नेहमीचा प्रकार) पूर्ण आवाजाला पन्नास-साठ टक्के वीज स्पीकरला देतो, घरगुती आवाजाला त्याहून बरीच कमी. बाकीची सगळी उष्णता हीटसिंकवर, म्हणजे ॲम्प गार ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर, येते. हीटसिंक नेहमी आजूबाजूच्या हवेपेक्षा अमुक अंश वर जातो. समजा तो ३० अंश वर जातो. डिसेंबरात खोली २५ अंशांवर असते, म्हणजे सिंक ५५ वर. मे महिन्यात स्लॅबखालची खोली ४४ वर जाते, सिंक ७४ वर. या ॲम्पमधले थर्मल स्विच (तापल्यावर ॲम्प बंद करणारे) साधारण ७० ते ९० अंशांच्या मध्ये कुठेतरी सुटतात. म्हणजे तुमचा ॲम्प बिघडलेला नाही, तो स्वतःला वाचवतो आहे. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत खोलीचं तापमान ३५ किंवा ४० अंशांपर्यंतच चालेल असं छापलेलं असतं, आणि आपल्याकडे दुपारी तीन वाजता ती अट मोडलेलीच असते.

त्यात दोन जोड्या एकदम चालवल्याने भर पडते. बहुतेक ॲम्पमध्ये ए आणि बी (स्पीकरच्या दोन जोड्यांची) दोन्ही बटणं दाबली की स्पीकर समांतर जोडले जातात. ८ आणि ६ ओहम समांतर म्हणजे सुमारे ३.४ ओहम. ॲम्पच्या पाठीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ए किंवा बी चालवाल तर ४ ते १६ ओहम, दोन्ही चालवाल तर ८ ते १६. आवाजाचं बटण तिथेच असलं तरी करंट दुपटीच्या आसपास जातो आणि सिंक त्या मानाने तापतो. आजपासून एकच जोडी लावा, ८ ओहमवाली. चार स्पीकरांनी आवाज भरल्यासारखा वाटतो, पण एकच गाणं वेगवेगळ्या अंतरांवरून कानाला पोचतं आणि गायक नेमका कुठे उभा आहे हे कळेनासं होतं. शब्द न लागण्याचं पहिलं कारण हेच.

एवढं करून अर्ध्या तासाऐवजी दोन तास चालला, तर पुढचं काम हवेचं. ॲम्प बंद शोकेसमध्ये असेल तर बाहेर काढा. वर किमान ६ इंच, मागे आणि बाजूंना ४ इंच मोकळं हवं, आणि त्याच्या डोक्यावर टर्नटेबल किंवा सेट-टॉप बॉक्स ठेवायचा नाही. मग १२० मिलिमीटरचा १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा घ्या आणि तो ६ ते ७ व्होल्टवर चालवा. पूर्ण व्होल्टेजवर तो ऐकू येतो, अर्ध्यावर येत नाही, आणि गरम हवा वर ओढायला तेवढा पुरतो. तो वरच्या जाळीवर, हवा वर फेकेल असा, खाली रबराचे तुकडे ठेवून बसवा. वीज वेगळ्या ॲडॅप्टरवरून द्या. ॲम्पच्या आतून घेतली तर पंख्याची गुणगुण स्पीकरमध्ये उतरते.

कूलरची झोत थेट ॲम्पवर सोडायची नाही. हवा गार असते पण दमट, आणि कूलरला बोअरचं जड पाणी असेल तर क्षारांची पांढरी पूड आतल्या सर्किटच्या पट्टीवर बसते. शिवाय कूलर वेगात असला की खोलीतला गोंगाट सहज ५५-६० डेसिबलवर जातो आणि संगीतातल्या बारीक जागा त्याखाली गाडल्या जातात. ऐकायला बसण्याआधी तासभर कूलर जोरात चालवा, नंतर कमी वेगावर आणा. स्लॅबला वरून पांढरा चुना किंवा उष्णतारोधक पांढरा रंग मार्चमध्येच मारून घेतला तर संध्याकाळची खोली बरीच निवते. ॲम्पसाठी यापेक्षा स्वस्त औषध नाही.

जुन्या ॲम्पची आतली तब्येतही एकदा बघून घ्या. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं (वीज साठवणाऱ्या छोट्या डब्यांचं) आयुष्य दर १० अंश वाढीमागे अर्धं होतं. म्हणून गार गावात पंचवीस वर्षं टिकलेला ॲम्प आपल्याकडे आला की लवकर गुणगुणायला लागतो. बदलताना ८५ अंशांचे नकोत, १०५ अंशांचे मागा, आणि व्होल्टेज मूळच्याइतकं किंवा थोडं वरचं. स्पीकरच्या वायरी काढून, आवाज शून्यावर ठेवून, ॲम्प दहा मिनिटं चालू राहिल्यावर स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी व्होल्टेज मोजा. २० मिलिव्होल्टपर्यंत उत्तम, ५० पर्यंत चालेल, १०० च्या वर असेल तर दुरुस्त होईपर्यंत स्पीकर जोडू नका. दुरुस्ती करणाऱ्याला बायस (ट्रान्झिस्टरमधून कायम वाहणारा थोडासा करंट) तपासायला सांगा आणि आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच घ्यायला लावा. अंदाजाने वाढवलेला बायस हिवाळ्यात गोड वाटतो आणि उन्हाळ्यात ट्रान्झिस्टर उडवतो.

झाकण उघडलंच आहे तर आत काय दिसतं ते पाहा. आपल्याकडे काळ्या मातीची बारीक धूळ, आणि जिनिंगच्या आसपास राहत असाल तर कापसाची तूस. ही तूस हीटसिंकच्या फटींत नमद्यासारखी बसते आणि हवा अडवते. एक इंची कोरडा रंगाचा ब्रश आणि ब्लोअर पुरे. ओलं फडकं नको. दुसरा पाहुणा पाल. बंद ॲम्पच्या उबेला ती जाळीतून आत जाते, आणि ॲम्प सुरू केला की दोन टोकांमध्ये अडकून मरते, सोबत आउटपुट ट्रान्झिस्टरही नेते. मागच्या मोठ्या फटींवर बाहेरून नायलॉनची मच्छरजाळी लावा. ती महिन्याला झटकावी लागते, नाहीतर जाळीच हवा अडवेल.

आता लाईट. कागदावर पुरवठा २३० व्होल्टचा. शेतपंप सुरू असले की गावाकडे तो १८० च्या खाली येतो, पंप बंद झाले की रात्री २६० वर चढतो. जुन्या ॲम्पचा ट्रान्सफॉर्मर आतलं व्होल्टेज त्याच प्रमाणात वर नेतो. आत ४२ व्होल्ट असतील तर २६० ला ते साडेसत्तेचाळीस होतात, आणि ५० व्होल्टच्या कपॅसिटरला श्वास घ्यायला जागा उरत नाही. १ केव्हीएचा सर्व्हो स्टॅबिलायझर (मोटरने व्होल्टेज हळूहळू सावरणारा) या सेटला भरपूर आहे. रिले स्टॅबिलायझर स्वस्त असतो, पण प्रत्येक टप्पा बदलताना टक् करतो आणि ते स्पीकरमध्ये ऐकू येतं. त्याच्या आधी १८० आणि २६० वर तोडणारा व्होल्टेज प्रोटेक्टर वायरमनकडून बोर्डातच बसवून घ्या. खांबावर न्यूट्रल तुटला तर घरात ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात, तेव्हा सर्व्हो आपला काटा फिरवेपर्यंत उशीर झालेला असतो. लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर ऐकायचं असेल तर तो साइन वेव्हचाच हवा. चौकोनी वेव्हवर ट्रान्सफॉर्मर घुरघुरतो.

अर्थिंगचं एक खास खान्देशी दुखणं आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या पाइपाभोवती फट पडते आणि अर्थ असून नसल्यासारखा होतो. मीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मोजा. दोन-तीन व्होल्टच्या वर दिसले तर अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी सोडा आणि पुन्हा मोजा. तरी उतरलं नाही तर वायरमनकडून खड्डा आणि जोड तपासून घ्या. गुणगुण येत असेल तर सगळे इनपुट काढा, मग एकेक जोडत जा. बहुतेक वेळा सेट-टॉप बॉक्स जोडला की ती सुरू होते, कारण छत्रीची केबल वेगळ्या वाटेने जमिनीला भिडलेली असते. टीव्हीचा आवाज ऑप्टिकल केबलने छोट्या डीएसीमध्ये (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारी डबी) आणि तिथून ॲम्पला न्या, गुणगुण जाईल. प्लगची अर्थची पिन तोडून गुणगुण घालवायचा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका. त्याने करंट लागून माणूस जातो.

आता खोली. डग्गा घुमतो तो इथे, आणि यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन. १४ फुटांची लांबी ४० हर्ट्झच्या आसपास घुमते, १२ फुटांची रुंदी ४७ च्या, १० फुटांची उंची ५६ च्या. त्यांच्या दुपटी ८०, ९४ आणि ११२ वर येतात, आणि डग्ग्याचा घुमारा याच पट्ट्यात पडतो. खोली हे सूर धरून ठेवते, पुढची मात्रा आली तरी मागची संपलेली नसते. हे सूर गालिच्याने जात नाहीत. उपाय जागेचा आहे. स्पीकर छोट्या भिंतीकडे ठेवा, म्हणजे आवाज खोलीच्या लांबीत जाईल. स्पीकरच्या मागच्या भिंतीपासून दोन फूट, बाजूच्या भिंतींपासून अडीच फूट, कोपऱ्यात कधीच नाही. दोन फुटांवर १४० हर्ट्झच्या आसपास थोडा खड्डा पडतो, कारण भिंतीवरून परतलेला आवाज पुढच्याला खातो; म्हणून तीन-तीन इंच पुढेमागे करून ऐका. बसायची जागा तुमच्या पाठीमागच्या भिंतीला टेकून नको. भिंतीलगत बेस सगळ्यात जास्त साचतो. त्या पाठीमागच्या भिंतीपासून सव्वापाच फुटांवर बसा आणि तिथून फूटभर पुढेमागे सरकून बघा. फोनवर टोन जनरेटर घेऊन ३० ते १२० हर्ट्झ हळूहळू वाजवलात तर कुठला सूर उसळतो आणि कुठला बुडतो ते लगेच कळतं. स्पीकरच्या मागे पोर्टचं भोक असेल तर त्यात फोमचा बोळा बसवून ऐका. एवढ्यानेच पुष्कळदा घुमणं निम्मं होतं. उरलेलं इक्वलायझरने कापा. उसळलेला सूर कापता येतो, बुडालेला भरून काढता येत नाही. भरायला गेलात तर ॲम्पची ताकद वाया जाते आणि वूफर (खालच्या सुरांचा मोठा स्पीकर) ठोकतो.

शब्द न लागण्याचं दुसरं कारण प्रतिध्वनी. ४८ घनमीटरची खोली, चहूबाजूंनी प्लॅस्टर आणि फरशी, म्हणजे आवाज विरायला दोन-अडीच सेकंद लागतात. संगीताला ०.४ ते ०.५ सेकंद हवेत. त्यासाठी साधारण १४-१५ चौरस मीटर शोषणारा पृष्ठभाग भरावा लागतो. ऐकायला मोठा वाटतो पण घरातच निम्मा असतो: समोरच्या फरशीवर जाड सतरंजी, त्यावर गादी, खिडकीला जाड पडदे दुप्पट चुणीचे, मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट. उरलेल्यासाठी ४ फूट बाय २ फूट बाय ४ इंचाच्या लाकडी चौकटी करा. चार चौकटींपासून सुरुवात करा. आत ४८ किलो प्रति घनमीटर घनतेची रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर), ५० मिलिमीटरचे दोन थर. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या. वरून मांजरपाट किंवा सैल खादी. कापडाला तोंड लावून फुंकर मारली तर पलीकडे गेली पाहिजे, रेक्झिन चालणार नाही. मागे दोन इंच हवा सोडून टांगा. जागा अशी शोधा: मित्राला आरसा घेऊन बाजूच्या भिंतीवर सरकवायला सांगा, बसल्या जागेवरून आरशात स्पीकर दिसला की तिथे चौकट. उरलेल्या दोन मागच्या भिंतीवर.

रॉकवूल नको असेल तर कापूस आपल्या दारात आहे, आणि तो आवाज चांगला शोषतो. एका चौकटीला तीन ते साडेतीन किलो पिंजलेला कापूस लागतो. सैल भरला तर महिन्यात खाली बसतो आणि वरचा भाग पोकळ राहतो, म्हणून गादीसारखी पातळ खोळ शिवून दर सहा इंचांवर टाके मारायचे. गाद्या भरणारा कारागीर हे व्यवस्थित करतो. कापसाचा धोका आगीचा. खोळीचं कापड १ लिटर पाण्यात १०० ग्रॅम टाकणखार आणि ४५ ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून त्यात भिजवा आणि सावलीत वाळवा. हे पाणी मुलांच्या हाती लागू देऊ नका, कापड धुतलं की परत भिजवावं लागतं, आणि अशी चौकट स्विचबोर्डाजवळ लावायची नाही. पैसे असतील तर मी रॉकवूलच सांगेन.

स्पीकरची उंची. बाजारातले स्टँड २४ इंची असतात, ते खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी. तुमची बैठक गादी-लोडाची असेल तर कान ३० इंचांच्या आसपास येतो आणि ट्विटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) डोक्यावरून जातो. १८ ते २० इंचांचं स्टँड सुताराकडून करून घ्या. दोन स्पीकरांमधलं अंतर साडेसहा फूट, तुमचं प्रत्येकापासून तेवढंच, तोंड कानांकडे किंचित वळलेलं.

वायरीवर पैसे घालवू नका. २.५ चौरस मिलिमीटरची मल्टीस्ट्रँड तांब्याची वायर इलेक्ट्रिकच्या दुकानातून घ्या. चार मीटर लांबीला जाऊन-येऊन जेमतेम ०.०६ ओहम रोध येतो, ८ ओहमच्या स्पीकरला तो नगण्य.

टर्नटेबल स्पीकरच्या टेबलावर नको, नाहीतर बेस सुईत शिरून हुंकार देतो. रेकॉर्डी उभ्या ठेवा, माळ्यावर किंवा पश्चिमेच्या भिंतीला लागून नकोत. स्लॅबच्या झळीने त्या वाकतात आणि वाकलेली रेकॉर्ड पुन्हा सरळ करणं भरवशाचं काम नाही. मे महिन्याच्या कोरड्या हवेत स्थिर वीज साचून चटचट वाढते. प्रत्येक बाजू लावण्याआधी कार्बन ब्रश फिरवा.

आता बियर. ऐकण्यात फरक पडतो, आणि तो वाईट बाजूने पडतो. दारूने कानाचा उंबरठा (ऐकू यायला लागणारा किमान आवाज) तात्पुरता वर जातो, खालच्या सुरांवर जास्त. मोठा आवाज आला की मधल्या कानातला स्नायू आखडून कानाला वाचवतो, तोही सुस्तावतो. म्हणून दुसऱ्या ग्लासानंतर बेस कमी वाटतो, कुणीतरी आवाज वाढवतो, ५० वॉटचा ॲम्प क्लिप व्हायला लागतो (ताकद संपून आवाज फाटतो) आणि ट्विटर जळतात. मैफलीत जळलेल्या ट्विटरांचं हे नेहमीचं कारण. स्पीकरची जागा, सुया, ॲम्पची तुलना, इक्वलायझर हे सगळं पहिला घोट घेण्याआधी उरका. बाटल्या उघडण्याआधी आवाजाच्या बटणावर चिकटपट्टीची खूण करा, फोनच्या मीटरवर बसल्या जागी सरासरी ७५ ते ८० डेसिबल दाखवेल तिथे, आणि त्या रात्री त्याच्या पुढे जायचं नाही.

कोणती आणावी? तीन-चार तास ऐकायचं असेल तर सौम्य, ५ टक्क्यांच्या आतली. ६५० मिलिलिटरच्या सौम्य बाटलीत सुमारे २५ ग्रॅम अल्कोहोल असतं, ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बाटलीत ४१. आपल्याकडे दुकानात स्ट्राँगच आधी पुढे केली जाते, पण तिच्या गोडसर-जळजळीत चवीने तासाभरात जीभ आणि कान दोन्ही मंदावतात. मन लावून ऐकणाऱ्यांचा ओढा सहसा साध्या लागरकडे (फिकी, हलकी बियर) किंवा व्हीट (गव्हाच्या) बियरकडे असतो, आणि ते मला पटतं. स्टाउट (काळी, भाजक्या चवीची) हिवाळ्यात, थोडी, शेवटी.

चव बिघडते ती मात्र दुकानाच्या मागच्या खोलीत. गरमीने बियरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. ब्रुअरीतली मंडळी एक ढोबळ हिशेब मानतात: ३२ अंशांवर ३ दिवस, २२ अंशांवर ३० दिवस आणि ३ अंशांवर ३०० दिवस, तिन्हींत बियर सारखीच शिळी होते. मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या गोदामात काय होत असेल ते यावरून समजा. संभाजीनगरजवळ वाळूजला मोठ्या ब्रुअरी आहेत, तिथला माल जळगावात एका दिवसात पोचू शकतो. म्हणून लेबलवर बनवल्याचं ठिकाण आणि तारीख वाचा. जवळची आणि दोन महिन्यांच्या आतली घ्या, फ्रीजमधलीच मागा. हिरवी किंवा पांढरी बाटली दुकानाच्या काचेत उन्हात उभी असेल तर घेऊ नका. प्रकाशाने हॉप्समधले (बियरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधले) घटक फुटून कुबट वास येतो. तपकिरी बाटली किंवा कॅन यापासून बराच बचाव करतात.

गार करताना लागर ५ ते ७ अंश, व्हीट ६ ते ८, स्टाउट १० ते १२. चाळीस अंशांची बाटली फ्रीजमध्ये नीट गार व्हायला पाच-सहा तास घेते. घाई असेल तर बादलीत दोन किलो बर्फ, दोन लिटर पाणी, दोन मुठी जाडं मीठ. कॅन पंधरा-वीस मिनिटांत, बाटली अर्ध्या तासात. फ्रीझरमध्ये विसरलेली बाटली फुटते. ६५० ची बाटली आपल्या उन्हाळ्यात घेऊ नका: निम्मी संपेपर्यंत उरलेली कोमट होते. ३३० च्या पाइंट आणा, एकेक काढा. ग्लास तेलकट किंवा साबणाचा अंश राहिलेला असेल तर फेस टिकत नाही. साध्या पाण्याने भरपूर विसळून उपडा वाळवा.

खायला काय, हेही ठरवून ठेवा. शेवभाजीच्या तिखटावर कडू बियर आणि जास्त गॅस आणखी आग लावतात, तिथे व्हीट. बामणोद-आसोद्याच्या वांग्यांचं हिवाळ्यातलं भरीत आणि कळण्याची भाकरी यांच्याबरोबर साधी लागर उत्तम जाते; भाजल्या वांग्याच्या धुरकट चवीला ती आडवी येत नाही. पुरणाच्या मांड्याबरोबर अर्धा ग्लास स्टाउट चालतो, गुळाच्या गोडव्याला तिचा भाजका कडवटपणा तोलतो. भरताच्या तेलाचा हात रेकॉर्डला लागू देऊ नका. रेकॉर्डी लावणारा एकच ठरवा आणि तो हात धुऊन बसेल.

महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा परवाना दुकानात मिळतो. नवापूर, नंदुरबारकडच्या मित्रांनी उरलेल्या बाटल्या सोबत नेऊ नयेत, हद्द ओलांडली की गुजरातची दारूबंदी सुरू होते. गाडी चालवताना रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे आणि दोन पाइंटमध्येही ती ओलांडली जाऊ शकते. फटफटीवर परत जाणाऱ्याला झोपायला जागा करून ठेवा.

ग्लास कुठे ठेवायचा? कूलर चालू असलेल्या खोलीत गार बाटलीला भराभर घाम येतो आणि थेंब खाली ओघळतात. ॲम्प, टर्नटेबल आणि एक्स्टेंशन बोर्ड ज्या उंचीवर आहेत त्याच्या खाली, किमान तीन फूट लांब, काठ असलेल्या ताटात सगळे ग्लास. तरीही बियर ॲम्पवर सांडली तर ॲम्पच्या बटणाला हात न लावता आधी भिंतीवरचा स्विच बंद करा, मग प्लग काढा. चालतो का ते बघायला पुन्हा सुरू करू नका. साखर आणि क्षारांचं ते पाणी वीज वाहून नेतं. ट्रान्झिस्टरचा ॲम्प असेल तर अर्धा तास थांबून झाकण काढा आणि मोठ्या कपॅसिटरांवर मीटरने दोन व्होल्टच्या आत आलं आहे याची खात्री करा. व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) असेल तर उघडूच नका, आत ३०० व्होल्टच्या वर उरलेले असू शकतात, तो दुरुस्तीवाल्याकडे द्या. सांडलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने ओल्या केलेल्या मऊ ब्रशने पुसा, नंतर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि पंख्याखाली दोन दिवस वाळवा. मग पहिल्यांदा सुरू करताना १०० वॉटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावा, स्पीकर न जोडता. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा आणि दुरुस्तीला न्या.